इंदूचा डावा हात

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होत आले की आमच्याकडे रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या व्हायला लागतात. कापसानं शिगोशीग भरलेल्या गाड्या खालून जातात आणि बाभूळ प्रत्येकीकडून आपला वाटा ठेवून घेते. परवा दारव्ह्याहून यवतमाळला परत येताना एसटीच्या खिडकीतून ती झाडं दिसली. पुढच्या सीटवर एक मुलगी होती, बाहेरगावची असावी. ती मैत्रिणीला म्हणाली, "किती छान ना!" तिचं काही चुकलं नव्हतं. पण या हंगामाला कोणी छान म्हटलं की माझं डोकं फिरतं. या वयात एसटीत अनोळखी पोरींशी भांडणं शोभत नाही, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

डोळे मिटले तर हात दिसायला लागले. लोकांना कापूस म्हटलं की मऊपणा आठवतो. मला हात आठवतात. ज्यांनी वेचलाय त्यांना ठाऊक आहे की कापूस मऊ असतो, बोंड नव्हे. उमललेल्या बोंडाची टोकं वाळून कडक होतात आणि बोट जरा चुकलं की नखाच्या मुळाशी रुततात. अंगठा आणि शेजारची दोन बोटं पुढे करायची, चिमटीत धरून हलकेच ओढायचं, आणि सगळा कापूस एका दमात बाहेर यायला हवा, पानाचा चुरा न लागता. चांगली वेचणारी बाई दोन्ही हात एकदम चालवते. उजवा एका बोंडावर, डावा दुसऱ्यावर, आणि कमरेच्या ओटीत दोन्हीकडून कापूस पडत राहतो. माझी माय अशी वेचायची. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळीत तिचा डावा हात उजव्याला हार जायचा नाही. जेवायला बसली की मात्र तो मुकाट मांडीवर पडून असायचा.

आम्ही बोरी अरबला राहायचो. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि नदीच्या अंगाला आमचं थोडं शेत होतं. विदर्भ महाराष्ट्रात येऊन फार दिवस झाले नव्हते. बाबांच्या वर्गात नवा नकाशा लागला होता, आणि जुना आमच्या घरी ज्वारीच्या कणगीवर झाकण म्हणून आला होता. मी चौथीत होते. माझी धाकटी बहीण इंदू तिसऱ्या वर्षात होती. मी सांगतेय तो हंगाम तिचा शेवटचा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगाच आशा लावून बसतो, आणि आशेचं काय होतं ते मी जवळून पाहिलेलं आहे.

इंदू भर श्रावणात जन्मली. मला बाहेर ओसरीवर बसवलं होतं. आत बराच वेळ कोणीच रडलं नाही. सुईण पाणी मारत होती, पाठ चोळत होती, आजी देवाचं नाव घेत होती. मग एकदाचा बारीक आवाज आला आणि आजी बाहेर येऊन म्हणाली, "निळी पडलती पोरगी. आली परत." परत आली म्हणून आम्ही सगळे खूश झालो. जाताना ती काय मागे टाकून आली होती, ते कोणाला दिसणार? गोरी, गुबगुबीत, हसरी पोर. सहा-सात महिन्यांची झाली तशी ती दिसेल ते धरायला लागली. मायची पोत, बाबांचा चष्मा, माझ्या वेणीची रिबिन. आणि धरायची ते डाव्या हातानं. उजव्या हाताची मूठ मिटलेली असायची, अंगठा आत दडवलेला.

"पोट्टी डावरी निंगाली," आजी म्हणाली.

घरात कोणाला दुसरं काही सुचलंच नाही. डावखुरं मूल आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याचा इलाजही माहीत होता. डावा हात बंद ठेवायचा, म्हणजे उजव्याला सवय लागते. मुलाला एक वेळ कोणी काही म्हणत नाही, पण मुलगी उद्या परक्या घरी जाणार, पंगतीत वाढणार, देवापुढे निरांजन ओवाळणार. मायनं आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा फाडला, त्याची उशीच्या अभ्र्यासारखी लहानशी खोळ शिवली आणि इंदूच्या डाव्या हातावर चढवून मनगटाशी नाडीनं बांधली. तिनं हे रागानं केलं नाही. खोळीच्या कडेला तिनं लाल दोऱ्याची नक्षी काढली होती, पोरीला आवडावी म्हणून.

मग इंदू तोंडानं उचलायला शिकली. फुटाणा खाली पडला की ओणवी होऊन ओठांनी टिपायची. बाहुली हवी असली की हनुवटीखाली दाबून आणायची. आम्ही हसायचो. तीही हसायची. माय दिवसातून कितीदा तरी म्हणायची, "हट्टी हाय नुसती. उजवा हात कायले ठेवला हाय देवानं?" हट्टी हा शब्द आमच्या घरात तेव्हा इंदूच्या नावासारखा वापरला जायचा.

आता माझ्या नातलगांत कोणाकडे बाळ झालं की मी बघायला जाते आणि पहिल्यांदा त्याच्या दोन्ही मुठी उघडून पाहते. चार-सहा महिन्यांचं झालं की त्याच्यासमोर चमचा धरते. एकदा मधोमध, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दोन्ही हात पुढे आले की माझा जीव खाली बसतो. लोकांना वाटतं आजीबाई लाड करताहेत. माझ्या सुनेला संशय आहे की मी तिच्या लेकराची परीक्षा घेते. घेतेच. आमच्या घरात जे वेळेवर कोणी सांगितलं नाही, ते मी न विचारता सांगत फिरते, आणि त्यापायी दोन घरांत माझं जाणं कमी झालंय.

त्या वर्षी पहिल्या वेच्याला सीतादही होतं. म्हणजे कापसाला पहिला हात लावायच्या आधी शेतात पूजा करायची. पऱ्हाटीच्या बुडाशी पाच दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, थोडा शेतात शिंपडायचा आणि उरलेला वेचणाऱ्या बायांना वाटायचा. सकाळचं दव पडलेलं होतं, मातीला थंड वास होता. तांड्यावरच्या बाया रुंद बांगड्या वाजवत आल्या होत्या. माय भात वाटत इंदूपाशी आली. इंदूनं खोळीतला डावा हात पुढे केला.

"हा नाही. थो," माय म्हणाली. तिनं उजवी मूठ हातात घेतली, बोटं उकलायचा प्रयत्न केला, मग कशीबशी फट करून त्यात चार शितं घातली. इंदू किरकिरायला लागली तेव्हा तिची समजूत काढायला मायनं नुकत्या वेचलेल्या कापसाचा एक पुंजका त्याच मुठीत खुपसला. "धर. तूबी वेच." बाया हसल्या आणि ओळींत पांगल्या.

संध्याकाळी न्हाणीत माय इंदूला आंघोळ घालत होती, मी पाणी ओतत होते. आंबूस वास आला. मायनं मूठ उघडली. सकाळचा कापूस तसाच आत होता, ओला, मळका, दहीभाताची शितं चिकटलेली. अंगठ्याच्या बेचक्यात कातडी सोलून लाल झाली होती.

"सोडला काहून नाही वं?" मायनं विचारलं.

इंदू पाण्यावर पाय आपटून हसली. मायनं पुन्हा विचारलं नाही. तिनं कापूस काढून घेतला, मूठ धुतली, आणि मला म्हणाली, "जा, बाबाले बलाव." तिचा आवाज ऐकून मी धावत गेले. हट्टी हा शब्द त्या दिवसानंतर मी तिच्या तोंडून ऐकला नाही.

बैलांच्या दमणीनं दारव्ह्यापर्यंत आणि तिथून लहान लाइनीच्या आगगाडीनं आम्ही यवतमाळला गेलो. मला का नेलं ते आठवत नाही, बहुतेक इंदू माझ्याशिवाय रडायची म्हणून. दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, नागपूरकडच्या, पांढऱ्या पातळातल्या. मला वाटलं होतं सुई टोचतील. त्यांनी खाली चटई अंथरली, स्वतः मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "आधी ही पिशवी काढा."

मायनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. नाडी सुटली आणि इंदूचा डावा हात बाहेर आला, उन्हाशिवाय राहिलेला, दुसऱ्यापेक्षा फिका. तो थोडा वेळ नुसताच हवेत हलत होता.

डॉक्टरीणबाईंनी तिचा कुठलाच हात ओढून पाहिला नाही. त्या तिच्याशी खेळायला लागल्या. बांगडी पुढे ठेवली, लाकडी ठोकळे ठेवले, मण्याएवढी काहीतरी गोळी ठेवली, आणि काय होतं ते नुसतं बघत राहिल्या. इंदूनं डाव्या हातानं गोळी चिमटीत उचलली. तिनं चिमूट केलेली मी पहिल्यांदा पाहत होते. मग बाईंनी एक झाकणाचा डबा घेतला, त्यात फुटाणे टाकले, खुळखुळ वाजवला आणि बंद करून तिच्या मांडीत दिला. एका हाताचं ते काम नव्हतं. इंदूनं डाव्यानं झाकण ओढलं, डबा घरंगळला. पुन्हा ओढलं, पुन्हा घरंगळला. बाबा पुढे वाकले. वर्गात पोराला उत्तर येत नसलं की ते असेच वाकायचे. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. इंदूनं जरा वेळ डब्याकडे पाहिलं, मग मिटलेल्या मुठीचं उजवं मनगट त्याच्यावर टेकवून तो पोटाशी दाबला आणि डाव्यानं झाकण उपटलं. फुटाणे चटईभर उडाले.

"पाहिलंत?" बाई बाबांना म्हणाल्या. "उजवा हात उचलत नाही, सोडत नाही. पण धरून ठेवतोय. मला तेच बघायचं होतं. एकटा काय करतो ते नाही, दुसऱ्याला किती मदत करतो ते."

"बरा होईल?" बाबांनी विचारलं.

"पूर्ण नाही. जन्मताना श्वास कोंडला, मेंदूला मार बसला. ती डावखुरी नाहीये, मास्तर. वर्षाच्या आतलं मूल दोन्ही हातांनी घेतं. एकाच हातानं घेत असेल तर दुसऱ्याकडे बघायचं असतं." आता या दुखण्याला सगळे सेरेब्रल पाल्सी म्हणतात. बाईंनी तेव्हा काही नाव घेतलं असेल तर ते आम्हाला कळलं नाही.

माय भिंतीशी उभी होती. ती पहिल्यांदाच बोलली. "बाई, म्या बांधून ठेवला म्हणून झालं का हे?"

"नाही. उजवा हात तुमच्यामुळे बिघडला नाही."

"अन् डावा बांधला, त्याच्यानं तं काही नाही झालं नं?"

बाई चटईवरचे फुटाणे वेचत होत्या. मग म्हणाल्या, "इतके दिवस तिला एकही हात नव्हता. आता एक आहे. तो पुन्हा काढून घेऊ नका."

त्यांना धीरच द्यायचा होता, हे मला आज कळतं. पण मायनं त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं. गाडीत ती खिडकीशी बसली होती, खोळ हातात होती. खिडकीतून तिनं ती फेकून दिली असती तर सांगायला बरं वाटलं असतं. तिनं घडी करून कमरेला खोचली. कापड वाया घालवणारी बाई नव्हती ती. पुढे बरेच दिवस त्या खोळीनं कंदिलाची काच पुसली जायची, लाल नक्षीसकट.

खोळ गेली, पण डाव्या हाताला ताट मिळालं नाही. आजीसमोर पोरीनं डाव्यानं जेवावं, हे मायच्यानं होईना. ती इंदूला स्वतः भरवायची, म्हणजे प्रश्नच यायला नको. आणि भरवून झालं की उजवा हात घेऊन बसायची. कोमट तेल लावायचं, एकेक बोट उकलायचं, अंगठा बाहेर काढायचा, तळहातावर गुळाचा खडा ठेवायचा आणि म्हणायचं, "धर बरं. आता सोड बरं." बाईंनी चटईवर मांडलं ते सगळं तिनं घरी मांडलं. बांगडी, चिंचोके, झाकणाचा डबा. फक्त बाई जे बघत होत्या ते माय बघत नव्हती. तिला उजवा हात एकट्यानं उघडलेला बघायचा होता. डाव्यानं इंदूनं काहीही उचललं तरी ती म्हणायची, "हा नाही. थो."

"रोज परीक्षा घेतल्यानं पोरगी पास होते काय?" एकदा बाबा म्हणाले.

"तुमी तुमची शाळा पाहा," माय म्हणाली.

त्या दिवसांतली एक दुपार मला विसरता येत नाही. वेचणी चालू होती. शेताच्या कडेला कापसाचा ढीग घातला होता आणि त्यावर इंदू झोपली होती, ऊन निंबाच्या पानांतून तिच्या अंगावर हलत होतं. मी राखण करत होते. माय पाणी प्यायला आली आणि हंड्यापाशीच थांबली. झोपेत इंदूचा उजवा हात उघडला होता. कुठल्याही लेकराचा असावा तसा सैल, बोटं पसरलेली, अंगठा बाहेर.

"पाह्य वं," माय कुजबुजली. "उघडला."

ती गुडघ्यांवर बसली. आपलं बोट तिनं त्या तळहातावर ठेवलं. मग तिला राहवेना. "इंदू, ऊठ माय, पाह्य तुह्या हात," म्हणत तिनं तिला हलवलं. इंदू दचकून जागी झाली आणि मूठ मायच्या बोटाभोवती गच्च मिटली. माय तशीच बसून राहिली, बोट सोडवून न घेता. ओळीतून कोणीतरी तिला हाक मारली तरी उठली नाही.

झोपेत असे हात सैल पडतात आणि जाग आली की मिटतात, हे डॉक्टरीणबाईंनी बाबांना सांगून ठेवलं होतं. बाबांनी मायला सांगितलं नव्हतं. त्यानंतर वेचणी संपेपर्यंत माय रोज दुपारी ढिगापाशी येऊन तो उघडा हात बघायची. उठवायची मात्र नाही. मला त्या बघण्याचा राग यायचा, अजून येतो. कोणावर, ते ठरत नाही.

शेवटच्या वेच्यापर्यंत थंडी सरत आली होती. पऱ्हाट्या उघड्याबोडक्या झाल्या होत्या, कुठे कुठे किडकं बोंड लटकत होतं. दुपारी बाया फडकी सोडून जेवायला बसल्या. मायनं ज्वारीची भाकर आणि झुणका काढला आणि पाणी आणायला वळली. परतली तेव्हा इंदूनं भाकर मांडीवर घेतली होती. उजवं मनगट भाकरीवर दाबून धरलं होतं आणि डाव्या हातानं ती तुकडा तोडत होती. कोणी तिला शिकवलं नव्हतं. तुकडा वेडावाकडा तुटला. तिनं तो झुणक्यात बुडवला, निम्मा झुणका मांडीवर सांडला, आणि उरलेला घास तिनं मायच्या तोंडाकडे नेला. डाव्या हातानं.

सगळ्या बाया बघत होत्या. डाव्या हातानं दिलेला घास कोणी खात नाही. माय हंडा हातात घेऊन उभी होती. आमच्या शेजारची जनाकाकू, जी एरवी कोणाच्या भानगडीत पडायची नाही, ती म्हणाली, "खाय नं वं. लेकरू देऊन राह्यलं."

मायनं हंडा खाली ठेवला, वाकली, आणि तोंड उघडलं. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इंदूनं लगेच दुसरा तुकडा तोडला.

त्या दिवसापासून घरी इंदूला तिची ताटली मिळाली. आजी जेवताना तिच्याकडे पाठ करून बसायची, "माह्यानं नाही पाहवत" म्हणायची. पण इंदूला आजीच्या पाठीचं काही पडलं नव्हतं. दोन वर्षांचं काम तिला उरकायचं होतं. तिनं मांजराची शेपटी ओढली, बाबांच्या दौतीत बोट बुडवून भिंत रंगवली, माझ्या पाटीवरचं गणित पुसलं, पिठाच्या डब्याचं झाकण उजव्या कोपरानं दाबून धरून पीठ उधळलं. घरात दिवसभर नुसती आरडाओरड असायची. मायनं उजव्या हाताची परीक्षा घेणं सोडून दिलं. ती तेल लावायची तेवढं, आणि मग दोन्ही हात सारखे चोळून सोडून द्यायची. मी मायला कधी इतकं हसताना पाहिलं नव्हतं. आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस कोणते म्हणून कोणी विचारलं, तर मी हेच सांगेन, आणि ते फार थोडे होते.

पऱ्हाट्या उपटून रचायचं काम चालू होतं तेव्हा इंदूला ताप आला. तापात झटके आले. वैद्यांचं औषध झालं, बाबा दमणी जुंपायला धावले. दमणी दारात आली तेव्हा तिच्यात बसवायला कोणी उरलं नव्हतं.

तिला अंगणात आणलं. दिवस चढला होता, गल्लीतल्या बाया दारापर्यंत आल्या होत्या. इतक्या लहान पोराला पुरतात, बाया मागे जात नाहीत, त्यामुळे मायचं जे काही करायचं ते दारातच होतं. आजीनं वाटीत पाणी आणि तुळशीचं पान आणलं आणि मायच्या उजव्या हाताशी ठेवलं. मायनं पान उचललं. डाव्या हातानं.

बायांत कुजबुज झाली. आजी हळूच म्हणाली, "उजव्या हातानं पाज वं बाई. शेवटचं पानी हाय."

माय सासूला आत्याबाई म्हणायची. मान वर न करता ती म्हणाली, "तिले हाच हात समजते, आत्याबाई."

आजीनं वाटी उचलली आणि मायच्या डाव्या बाजूला ठेवली.